भाकरीएवढी जागा

पाइप आतल्या आत गळत होता,
म्हणून प्लंबरनं वडगावच्या आमच्या सोप्यात
भाकरीएवढं भोक पाडलं भिंतीला.
पाइप बदलला, सिमेंट थापलं, पैसे मोजून घेतले,
आणि रंगाचं विचारल्यावर म्हणाला,
ते आपल्यात येत नाही, वहिनी.

आठ वर्षांमागं लावलेला रंग.
डब्यात आता कढीपत्ता लावलाय,
पत्र्यावरचा नंबर गंजानं खाल्लेला,
शेवटचे दोन आकडे तेवढे वाचता येतात.
चार, सात.

इरण्णा पेंटर आला. खूण दिसू नये म्हणून
पतसंस्थेचं कॅलेंडर उचलून
त्याच्यामागनं नखानं एक खपली काढली,
काडेपेटीत ठेवली आणि खडेबाजारात घेऊन गेला.
तिथं मशीन आहे म्हणे,
खपलीकडं बघतंय आणि सांगतंय
कशात किती थेंब.
लिटराच्या खाली देत नाहीत.

"मोतिया," मी म्हणाले झाकण उघडल्यावर.
"तिळी हळदी," तो म्हणाला.
हळदीपाशी दोघांचंही जमलं.

ओला होता तोवर बरा दिसला.
वाळला तसा भिंतीतून पुढं आला,
घरातल्या कपड्यांवर बसलेल्या माणसांत
इस्त्रीच्या शर्टातला पाहुणा.

मला हे नवं नाही.
सासरे सूत रंगवायचे, माझा माग अजून चालतो.
एका घाण्याचं सूत दुसऱ्या घाण्याला लागत नाही,
तोच रंग, तेच माप, तोच हात असला तरी.
चार वार विणून झाल्यावर कळतं,
पदराच्या अलीकडं एक पट्टा उठलेला असतो
आणि गिऱ्हाईक बोट ठेवतं
नेमकं तिथंच.

मी कॅलेंडर उचललं.
त्याच्यामागं चौकोनभर भिंत,
नुकत्याच दिलेल्या रंगाशी तंतोतंत.
इरण्णानं डोकं खाजवलं.
"मशीन बरोबर हाय. खपली म्या चुकीची नेली.
हितं ऊन कुठं पोचलंय?"

ऊन नाही, फोडणीचा धूर नाही,
मागाची कुंद नाही, उदबत्ती नाही,
टीव्ही बघताना पोरांनी टेकवलेली
तेल लावलेली डोकी नाहीत.
हे सगळं कुठल्या बाटलीत मिळतं?

त्यानं पिशवीतनं दोन बाटल्या काढल्या,
एक काळी, एक मातकट पिवळी.
काडीच्या टोकानं थेंब सोडायचा,
हेस्कॉमच्या बिलामागं एक रेघ ओढायची,
पंख्याखाली धरायची, भिंतीला लावून बघायची.
"स्वल्प," म्हणायचा, आणि अजून एक थेंब.
मी म्हणायची, थोडा धूर कमी पडतोय.
"स्वल्प."
नवव्या रेघेला आम्ही दोघंही गप्प झालो.
"साकु," तो म्हणाला. पुरे.

ब्रशनं नाही, स्पंजनं टिपत गेला,
कडेला येईल तसा हात हलका करत,
रंग कुठं संपला ते त्यालाही सांगता येऊ नये असा.

ट्यूबलाइटच्या उजेडात काही कळत नाही.
दुपारी साडेचारला मात्र
पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन तिरपं शिरतं
आणि भाकरी दिसते, पाच-सात मिनिटं.
त्या वेळेला मी मागावर असते.

उरलेला रंग लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतला.
चिठ्ठीवर त्यानं कानडीत लिहिलं
काळे किती, पिवळे किती.
खाली मी मराठीत उतरवून घेतलं,
चुकून एक थेंब जास्तच लिहिला,
त्यानं बोट ठेवून खोडायला लावला.

"झाकण घट्ट लावा," जाताना म्हणाला,
"खरं पुढच्या बारीला
ह्यो बी लागणार न्हाई."